नापास तबकडीतली गुणगुण

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, पाठीवर चहाच्या कपाचं गोल वळं उमटलेली. मित्रांनो, हसू नका. माझ्यातलं संगीत तर माझ्याहूनही सत्तर वर्षं जुनं आहे. बीबॉप म्हणतात त्याला. जॅझमधला हा प्रकार इतका चपळ, की ऐकणाऱ्याचीच दमछाक व्हावी. पाच वादकांनी एका दुपारी ते वाजवलं, ते फितीवर उतरलं, आणि आता त्या पाचांपैकी कोणीच उरलेलं नाही.

त्या वादनाची गाजलेली तबकडी पुन्हा काढायचं ठरलं, तेव्हा काम आलं कानसेनांकडे. हे त्यांचं टोपणनाव. जुन्या फितींवरचा आवाज साफ करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फीत इतकी जीर्ण, की एकदाच फिरली आणि तिचा थर भुगा होऊन गळाला. त्या एका फेरीत संगणकावर उतरलेल्या कच्च्या नोंदीवरून कारखान्यात पहिला नमुना निघाला. तो नमुना म्हणजे मी. गरम, चकचकीत आणि भलत्याच तोऱ्यात.

कानसेनांनी मला ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि माझ्या पांढऱ्या लेबलवर लिहिलं, ‘नापास. बेसखाली घरघर.’ बेस म्हणजे खर्जात वाजणारं थोरलं तंतुवाद्य.

मग आठ दिवस खपून त्यांनी ती घरघर मुळासकट काढली आणि कच्ची नोंद पुसून टाकली. माझ्या हजार धाकट्या बहिणी बाजारात गेल्या. काय कौतुक झालं त्यांचं! मी मात्र कानसेनांच्या टेबलावर, कपाखाली. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

सहा महिन्यांनी एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात माझी धाकटी बहीण. बेस वाजवणाऱ्याच्या त्या मुलगी.

“यात माझे बाबा नाहीत,” त्या म्हणाल्या.

“अहो, आहेत की! बेसची एकेक तार सुटी ऐकू येतेय.”

“बोटं आहेत हो. पण बाबा वाजवताना गुणगुणायचे. खालच्या आवाजात, बेसुरं. मी चार वर्षांची असताना ते गेले. त्यांचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढाच होता. जुनी तबकडी घर बदलताना फुटली, दुसरी कुठे मिळेना, म्हणून ही घेतली.”

कानसेनांचा चेहरा खर्रकन उतरला. “ती घरघर...” एवढंच म्हणून ते खाली बसले. मग त्यांची नजर कपाकडे गेली.

शर्टाच्या टोकाने त्यांनी मला पुसलं. मग अलगद यंत्रावर ठेवलं. मी घाबरले होते. नेमकी तिथेच खाच पडली असली तर? सुई टेकली. मी चरचरले, दोनदा अडखळले. मग बेस सुरू झाला, आणि त्याच्या खालून एक माणूस गुणगुणू लागला.

बाईंनी डोळे मिटले. “सर्दी झालेली दिसतेय बाबांना,” त्या हळूच म्हणाल्या, आणि मग रडू लागल्या.

पुढची खेप माझ्यावरूनच निघाली, चरचरीसकट. वेष्टनावर बेसवादकाच्या नावापुढे लिहिलेलं असतं ‘बेस’. तिथे कानसेनांनी दोन शब्द वाढवले, ‘आणि गुणगुण’.

मी आता बाईंकडे असते. लेबलवरचं ‘नापास’ त्या कुणाला खोडू देत नाहीत. मित्रांनो, मला जपा असं मी सांगत नाही, त्या जपतातच. पण कुणाची जुनी वस्तू साफ करायला घ्याल, तेव्हा आधी त्या घरच्या माणसाला एवढं विचारा, की यातलं काय पुसायचं नाही.