विहंगचं बोरन्हाण

प्रेमलताबाई हावड्याला उतरल्या तेव्हा मोठी बॅग त्यांनी खुशाल हमालाच्या डोक्यावर दिली, पण हातातला पत्र्याचा डबा मुलालासुद्धा धरू दिला नाही. डब्यात हलव्याचे दागिने होते. मुकुट, हार, बाजूबंद, सगळं सांगलीला बसून स्वतः दोऱ्यात ओवलेलं. नातवाचं पहिलं बोरन्हाण म्हणजे काय थट्टा आहे?

त्यांचा मुलगा अरुण खिदिरपूरला कस्टम्समध्ये होता. सून विनीता बाळंतपणाची लांबलेली रजा संपवून सोमवारपासून ऑफिसला जाणार होती. अकरा महिन्यांच्या विहंगला सांभाळायला आपल्याला बोलावलंय, याच तोऱ्यात बाई आल्या होत्या. आल्यावर कळलं, की सूनबाईंनी जवळचं एक पाळणाघरही बघून ठेवलंय.

“तुमच्या एकटीवर भार नको, आई. अजून नक्की नाही केलं,” विनीता म्हणाली.

प्रेमलताबाईंनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, भार म्हणे! माझी दोन पोरं काय आपोआप वाढली?

बोरन्हाणाचा दिवस ठरवतानाही अडलंच. समोरच्या लीना बोस भल्या बाई, पण मुलांना बोलवायला गेल्यावर त्यांनी हात जोडले. सरस्वती पूजेच्या आधी आमची मुलं बोराला तोंड लावत नाहीत, लावलं तर परीक्षेत नापास होतात म्हणे. रथसप्तमी सरस्वती पूजेनंतर दोनच दिवसांनी, रविवारी येत होती. प्रेमलताबाई खूश झाल्या. विनीता मात्र बोरांच्या पिशवीकडे बघत उभी होती.

“आई, बोरं, शेंगदाणे, हलवा, हे त्याच्या डोक्यावरून नको ओतायला. सध्या तो जमिनीवरचं सगळं तोंडात घालतो. एखादा दाणा श्वासनळीत अडकला तर?”

“अभद्र बोलू नकोस. अरुणला घातलं, वैदेहीला घातलं, काय झालं त्यांना?”

“काही नाही झालं. पण म्हणून होणारच नाही असं थोडंच आहे?”

प्रेमलताबाईंनी गाल फुगवले आणि त्या दिवशी आमटीत मीठ जरा जास्तच पडलं.

शनिवारी सकाळी अरुण दुसऱ्या खोलीत फोनवर होता आणि विनीता बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. बाईंना राहवेना. नुसते घालून तर बघू, असं म्हणत त्यांनी डबा उघडला. गळ्यात पांढरा शुभ्र हार पडताच विहंग खुदकन हसला. चार दिवस त्यांच्याकडे यायला रडणारा पोरगा आपणहून मांडीवर चढला. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात त्यानं हार ओढला, दोरा तुटला आणि हलवा फरशीभर सांडला. त्याला खाली ठेवून बाई वेचायला वाकल्या आणि मागे वळून बघतात तो विहंगचं तोंड उघडं, चेहरा लालभडक, आणि आवाज नाही.

“वर बघ! वर बघ, चिमणी बघ!” त्या त्याच्या टाळूवर थापट्या मारू लागल्या. चिमणीनं काही होईना तेव्हा त्यांनी दाणा काढायला त्याच्या तोंडाकडे बोट नेलं.

“बोट नका घालू! आत जाईल!” विनीता ओले हात घेऊन धावत आली. तिनं त्याला हातावर पालथं घेतलं, जबडा धरून डोकं खाली केलं आणि दोन खांद्यांच्या मधे तळहातानं ठोकलं. एकदा, दोनदा, पुन्हा. हलव्याचा दाणा फरशीवर पडला आणि विहंगनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं.

विनीतानं त्याला छातीशी धरलं आणि अरुणला हाक मारली. त्याला डॉक्टरांकडे दाखवून दोघं परत आली, सगळं ठीक होतं, तरी प्रेमलताबाई तिथेच बसून होत्या.

“त्याला पाळणाघरातच ठेव,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्यानं नाही व्हायचं हे.”

विनीता आत गेली आणि एक लहान उशी घेऊन आली. “आधी हे शिका. मग पाळणाघराचं बघू. मीसुद्धा प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊनच शिकले, आई. माझ्या आईनंही मला चिमणीच दाखवली होती.”

बाईंनी उशी हातावर पालथी घेतली आणि असे धपाटे घातले, की अरुण फोन टाकून धावत आला.

रविवारी बोरन्हाण झालं. काळं झबलं घालून विहंग आजीच्या मांडीवर बसला आणि त्याच्या डोक्यावरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. एक त्यानं तोंडाकडे नेलीच, ती आजीनं वरच्यावर काढून घेतली. बोरं आणि हलवा मोठ्या मुलांना पुड्यांत बांधून दारातच दिला. लीनाबाईंची मुलं जिन्यातच बोरं फस्त करून मोकळी झाली.

सोमवारी सकाळी विनीता केस विंचरत होती आणि प्रेमलताबाई चक्क चार पायांवर घरभर रांगत होत्या. विहंगला दिसतं ते आपल्याला दिसायला हवं, म्हणून. गुडघे कुरकुरत होते, विहंग मागून टाळ्या पिटत होता. सोफ्याखाली त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. सोन्याची, मुगाएवढी, विनीताच्या कानातल्याची फिरकी.

दोन दिवसांपूर्वी हे सापडलं असतं, तर बाईंनी ती फिरकी सुनेचा निष्काळजीपणा म्हणून हळदीकुंकवाच्या तबकात ठेवून मिरवली असती. आता त्यांनी ती मुठीत घट्ट धरली. त्या उठल्या आणि त्यांनी मूठ सुनेसमोर उघडली.

विनीताचा हात कानाकडे गेला. “केव्हा पडली, मला कळलंसुद्धा नाही.”

“मलाही शनिवारी कळलं नव्हतं,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “जा तू. आज सोफा सरकवून सगळं झाडून काढते.”

विनीतानं फोन काढला, पाळणाघराला सध्या नको म्हणून कळवलं आणि विहंगला त्यांच्या कडेवर दिलं. तो आईकडे हात पसरून रडू लागला. ती दारात घुटमळली, पण परत फिरली नाही.

“येते, आई.”

“ये.”