हात कमरपट्ट्यात

"वहिनी, दाब की जरा. घर जाईल आपलं," कौप्पी वाल्पुरीच्या कानाशी लागून म्हणाला.

वाल्पुरीने दिराकडे लक्षच दिले नाही. तिचे दोन्ही हात कमरपट्ट्यात खोचलेले होते. पुढ्यात, गोठलेल्या नदीवर, तांब्याचा हंडा होता आणि उत्तरेत रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांपैकी म्हातारा सार्रे त्यात खारींची कातडी एकेक करून सोडत होता. तोर्नियो नदीकाठची रीतच ती. कातड्यांनी हंडा काठोकाठ भरला की हंडा सामींचा, कातडी व्यापाऱ्याची. भरत असताना व्यापाऱ्याने हात कमरपट्ट्यात ठेवायचे. हिवाळ्यातली दाट केसांची कातडी फुगून वर येतात, आणि हात मोकळा असला की दाबायचा मोह कुणाला होत नाही?

सार्रेच्या वस्तीशी व्यापाराचा हक्क वाल्पुरीच्या सासरचा. नवरा गेल्यापासून तीन हिवाळे ती एकटीच घोडा जुंपून वर, उत्तरेच्या वस्त्यांत जाऊन आली होती. यंदा दक्षिणेतून राजाचा अंमलदार आला, नव्या चर्चशेजारी ठाण मांडून बसला आणि त्याने हुकूम काढला की पहिला व्यवहार इथेच, आपल्या डोळ्यांदेखत व्हायचा. ज्याचा व्यवहार पसंत पडेल त्याला वर जाण्याचे, राजाचा शिक्का मारलेले पत्र, आणि पत्राशिवाय जो वर जाईल त्याचे घर सरकारजमा. प्रत्येक हंड्यात राजाचा वाटा होता. म्हणून हंडा ठासून भरलेला हवा.

"ए बाई, हात गोठले का तुझे?" बाकावरून अंमलदार म्हणाला. "गुडघा दे त्यावर. तुझा दीर बघ कसा शहाणा आहे."

कौप्पीने सकाळीच आपल्या हंड्यावर गुडघा दिला होता आणि पत्र मिळवले होते. ते त्याने अंगरख्याच्या आत छातीशी जपले होते.

वाल्पुरीला घर आठवले. नवऱ्याने दोन उन्हाळे खपून रचलेल्या ओंडक्यांच्या भिंती, नदीत रोवलेला मासे धरायचा कूड. तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. उजवा हात कमरपट्ट्यातून निघाला आणि त्याने कातडी दाबली. हंड्यातला ढीग वीतभर खाली बसला.

सार्रेने तिच्या हाताकडे पाहिले, मग खाली वाकून पिशवीतून आणखी कातडी काढली आणि हंड्यात सोडू लागला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरे, असे तिला झाले. या माणसाने तिच्या नवऱ्याला एकदा वादळात तीन दिवस आपल्या तंबूत ठेवून घेतले होते.

"थांबा काका."

तिने हंडा उचलून पालथा केला. कातडी बर्फावर पसरली.

"पहिल्यापासून घाला," ती म्हणाली आणि हात परत खोचले. "चुकलं माझं."

"वेड लागलं का वहिनी तुला?" कौप्पीचा आवाज चिरकला.

"लागलं होतं. आत्ता उतरलं."

सार्रेने कातडी झटकून पुन्हा एकेक सोडली. हंडा भरला. उरलेली त्याने पिशवीत घातली. अंमलदार येऊन वाटा घेऊन गेला.

"तुला पत्र नाही," जाता जाता तो म्हणाला. "वर पाऊल टाकलंस तर घराला कुलूप लागेल."

"लावा."

तिच्या बर्फावरच्या घसरगाडीवर अजून तीन हंडे होते. वरच्या वस्तीतल्या तीन घरांना तिने गेल्या हिवाळ्यात शब्द दिला होता. तिने घोड्याचे पट्टे आवळले.

"वहिनी, कुठं राहशील गं?" कौप्पीने लगाम धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. माणूस वाईट नव्हता तो, भित्रा होता एवढेच.

"ते बघेन परतल्यावर. गाय तेवढी तुझ्याकडे ने. आणि सोड तो लगाम, थंडी खातोय घोडा."

भर दुपारी, अंमलदाराच्या दारावरूनच तिची गाडी उत्तरेला वळली. खालच्या अंगाला तिच्या घराचे छप्पर दिसत होते. तिने ते एकदा नीट पाहून घेतले.

पुढे सार्रेची गाडी होती. सामींचे रेनडियर घोड्याला कधीच मागे टाकतात, आणि सार्रे उभ्या आयुष्यात कुणासाठी थांबल्याचे कुणी पाहिले नव्हते. आज तो गाडीतून उतरला आणि रेनडियरची दोरी हातात धरून, तिच्या संथ घोड्याच्या चालीने बर्फातून चालू लागला.