पहिला मणी

"पयला गं माझा मनी, ववते काल्या दोरी,
नदीची नजर तुला न लागो पोरी..."

सासूचा, कौसाबाईंचा, तो आवाज अजून विठाच्या कानात होता. म्हातारी जाऊन सहा वर्षं झाली, तरी चुलीपुढं बसलं की तो आवाज धुरासारखा वर यायचा. तेव्हा बाहेर चैताचं ऊन असायचं, आत चुलीवर लोखंडी कढई, कढईत उल्हासनगरच्या भंगारातून आणलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटी. त्या वितळल्या की शिसं कसं चांदीच्या पाण्यासारखं हलायचं. मग ओल्या चिखलात खड्डे पाडायचे, मधोमध खराट्याची काडी रोवायची आणि शिसं ओतायचं. निवलं की मणी तयार. नदीत पाग, म्हणजे गोल जाळं, फेकणाऱ्या जांभूळ गावातल्या लोकांना त्याच्या काठाला ओवायला ते मणी लागत. पावसाळ्यात शेत, उन्हाळ्यात शिसं, असं त्या घराचं चालायचं. काम झालं की कढई राखेनं घासायची आणि त्याच कढईत मासळी तळायची. राखेनं घासलं की सगळं शुद्ध, हे कौसाबाईंचं म्हणणं.

हंगामातला पहिला मणी विकायचा नाही, ही त्या घराची रीत. तो काळ्या दोऱ्यात ओवून घरातल्या तान्ह्याच्या गळ्यात बांधायचा, म्हणजे नदी पोराला ओढत नाही. विठाच्या मीनलला दात येत होते तेव्हा तो मणी दिवसभर तिच्या तोंडात असायचा. "गोड लागतो वाटतं पोरीला," म्हणून म्हातारी हसायची. विठाही हसायची.

आता मीनल चौदाची होती आणि विठा कुळगावच्या हायस्कुलात, मोठ्या बाईंच्या टेबलापुढं उभी होती. शेजारी नवरा, धर्मराज. मीनल बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलेली, पायानं पाय घासत.

मोठ्या बाई म्हणजे सुहासिनीबाई. त्यांनी कागद पुढं सरकवला.

"विठाबाई, आठवीत दुसऱ्यांदा नापास. कविता पाठ करायला दिली की तिसऱ्या ओळीवर अडते. काही बोललं की अंगावर येते. परवा एका मुलीवर कंपासपेटी फेकली, तिला भुवईवर टाका पडला. तुम्हीच स्वखुशीनं दाखला न्या. इथं सही करा."

"पाच वर्साची व्हती तवा म्हातारीच्या ओव्या सगल्या तोंडपाठ व्हत्या तिला," विठा म्हणाली. "घरी बी अशीच भांडते, बाई. मंग रडते. मना म्हनते, आये, डोक्यात काय ऱ्हातच नाय गं."

"मुद्दाम करतात मुली या वयात. घरी धाक पाहिजे."

"धाक?" विठानं नवऱ्याकडं पाहिलं. "इचारा यांना. बाभळीचा फोक मोडलाय तिच्या पाठीवर. मठ्ठ, मठ्ठ करून चार वर्सं मारलीया पोरीला."

धर्मराज खिडकीबाहेर बघत राहिला.

विठानं पदराची गाठ सोडली आणि टेबलावर मणी ठेवला. दोरा कुजून गेला होता, पण शिशावर बारक्या दातांचे वण तसेच होते, उंदरानं कुरतडल्यासारखे.

"महिन्यामागं इठ्ठलवाडीला शिबीर झालं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी रगत काढलं. पोरीच्या रगतात शिसं हाय म्हनल्या. बारीकपनी अंगात गेलं, धुरातनं, धुळीतनं, या मन्यातनं. तवा दिसत नाय म्हनं. पोर वयात येते, डोकं नव्यानं घडायला लागतं, तवा त्याचा दगा कलतो. ध्यान ऱ्हात नाय, राग आवरत नाय. पोरीचा यात काय गुन्हा?"

सुहासिनीबाईंनी मणी पेन्सिलीच्या टोकानं उलटा केला. हात लावला नाही.

"पण हा गळ्यात बांधला तुम्हीच ना? अडाणीपणा तुमचा, विठाबाई. त्याला शाळा काय करणार?"

विठा टेबलाकडं एक पाऊल सरकली.

"आमी अडानी. कबूल. प्लेटी देनारा शेठ तर अडानी नव्हता? तो देताना बोलला का, की बाई, हे इष हाय, चुलीवर नको? आमी तांदूल इकतो तर कीड लागलेला बाजूला काढून देतो, बाई. मानसाला सांगतो. आमाला कोन आलं सांगाया? माझी सासू लेकरू जगावं म्हनून मनी बांधून गेली. सांगितलं असतं तर तिनंच ती कढई नदीत फेकली असती. एक मानूस नाय आला जांभूळला. एक नाय."

"आवाज खाली. वर्ग चालू आहेत."

व्हरांड्यातल्या बाकावर पाय घासायचे थांबले होते.

"मला कळतंय," सुहासिनीबाई जरा नरमल्या. "पण बाकीच्या पालकांना मी काय सांगू? सही करा आणि विषय संपवा." त्यांनी पेन विठाऐवजी धर्मराजच्या हातात दिलं.

धर्मराजनं पेन घेतलं. कागदावर वाकला. विठानं डोळे मिटून घेतले. हा करणार. आजवर ह्यानं वरच्या माणसापुढं मान वर केलेली तिनं पाहिली नव्हती. आता पोर घरी बसणार, आणि मठ्ठ म्हणूनच कुणाच्या तरी गळ्यात मारली जाणार.

पेन टेबलावर पडल्याचा आवाज झाला.

"बाई," धर्मराज म्हणाला. "ही म्हनते कोन नाय आला सांगाया. तसं नाय."

विठानं डोळे उघडले.

"शेठच्या भंगाराच्या गोदामात हिरामण व्हता कामाला. पयल्याच खेपेला बोलला मना. धर्मा, हे घरात नको नेऊस, बारकं पोर हाय तुझं, डोक्यात जातं हे. शेठची सोताची पोरं गोदामाच्या दारात पाय ठेवत नायत, बघ म्हनला." तो विठाकडं नाही, दाराबाहेर दिसणाऱ्या मीनलच्या पाठीकडं बघत होता. "माझ्या आयेला सांगितलं असतं तर काम बंद झालं असतं. नाय सांगितलं. हिला बी नाय. पोर इसराय लागली तवाच समजलं मना. तिच्यात माझाच गुन्हा दिसायचा, आन म्हनूनच हात उठायचा. पोर मठ्ठ नाय, बाई. मना ठावं व्हतं."