प्लॅस्टिकमधला दाखला

निखतनं कपाटातली फाईल उघडली तर हाताला कागद लागलाच नाही. लागलं ते प्लॅस्टिक. कॉलेज सोडल्याचा दाखला, बी.एस्सी.च्या तिन्ही मार्कलिस्टा, सगळं चकचकीत, कडेनं सारखी पट्टी सोडून कापलेलं. असं सुबक काम शिरूरात एकच माणूस करायचा. तिचा बाप, कासमभाई. एस्टी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान. रांजणगावच्या कारखान्यांत कामाला लागणाऱ्या निम्म्या पोरांचे कागद त्यांच्याच मशीनमधून गेलेले.

उद्या पाचच्या आत पुण्यात मूळ कागद दाखवायचे होते. एमसीएची जागा, प्रवेश परीक्षा देऊन मिळवलेली. माहितीपुस्तकात स्वच्छ छापलं होतं, मार्कलिस्टा नुसत्या बघतील, पण लॅमिनेशन केलेला दाखला घेणार नाही, त्याच्या मागं शिक्का मारावा लागतो. पुस्तक इंग्रजीत, म्हणून रविवारी जेवताना निखतनंच ते घरात मराठीत करून सांगितलं होतं. बाप समोरच बसला होता.

ती तशीच फाईल घेऊन दुकानात गेली.

"अब्बा, हे कवा केलं?"

"काल. घामाचे हात लागत्यात, पाणी लागतंय. आता जिंदगीभर टिकंल."

"मी वाचून दाखवलं ते ऐकलं व्हतं ना तुम्ही?"

कासमभाईंनी मशीनवरची धूळ फुंकली. धूळ नव्हतीच.

"ऐकलं व्हतं ना?"

"व्हय. ऐकलं व्हतं."

ते खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"हे बघ," ते म्हणाले, "कोपऱ्यात कॉम्प्युटर हाय, नेट हाय. मागच्या साली जावाचा ऑनलाईन कोर्स केलास, हितंच बसून. शिकलीस का न्हाई? मग आणखी कर. दोन कर, चार कर. तीन वर्षं हॉस्टेलवर राहून काय निराळं शिकवणार हायत? तुझ्या चुलतभावानं, अक्रमनं, घेतली की डिग्री. रांजणगावात खोकी मोजतोय."

यातलं निम्मं खरं होतं, म्हणूनच तर आग व्हायची. जावा ती खरंच त्या कोपऱ्यात शिकली होती. दुकानाचा फोन वाजला की नेट तुटायचं, ती पुन्हा जोडायची. शेवटी सर्टिफिकेट आलं, ते दुकानातल्याच प्रिंटरवर निघालं आणि बापाच्याच मशीनमधून गेलं. ते घेऊन ती पुण्यात एका कंपनीत गेली तर समोरच्यानं उलटसुलट करून विचारलं, "हे कुठं छापलं?" चार ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा लिहायला दिला नाही त्यानं. एमसीए असेल तर या म्हणाला. तिकडं एमसीएची डिग्री नाही म्हणून आत घेत नव्हते, इकडं डिग्रीशिवाय येतंय म्हणून बाहेर सोडत नव्हते.

"मला येतंय, अब्बा. पण येतंय का हे विचारायच्या आधी ते डिग्री विचारत्यात."

"मग नको ती नोकरी. दुकान कुणाचं हाय? तुझंच की."

बापाच्या पोटातलं ओठावर आलं ते हे.

निखतनं मार्कलिस्टचा एक कोपरा ब्लेडनं सोडवून बघितला. प्लॅस्टिकबरोबर अक्षरंही उठून आली. दाखला पर्समध्ये घालून ती कॉलेजच्या ऑफिसात पोचली.

तिथल्या क्लार्कनं, पोपटरावांनी, चष्मा कपाळावर सरकवला. "डुप्लिकेट मिळंल. प्राचार्य चारपर्यंत हायत. पण चौकीतनं हरवल्याचा कागद आण."

"हरवला न्हाई सर. हा काय."

"मग डुप्लिकेट कशाला?"

"हा चालत न्हाई."

"न चालल्याचं डुप्लिकेट नसतं बाई. हरवल्याचं असतं."

चौकीत हवालदार संपतमामांनी तिला लगेच ओळखलं. "कासमभाईची ना तू? बस. लिही. माझ्या निष्काळजीपणामुळे दाखला प्रवासात गहाळ झाला."

"निष्काळजीपणा माझा न्हाई, मामा. अब्बांनी जाणूनबुजून नासवला. तसं लिहिते."

मागचे दोघं शिपाई हसले. "लॅमिनेशन केलं म्हणून बापावर केस?" मामा म्हणाले. "कलम कुठलं लावू, तूच सांग. शिकलेली हायेस."

घड्याळात तीन वाजून गेले होते. निखतनं दात आवळून लिहिलं, माझ्या निष्काळजीपणामुळे. खाली सही केली.

"आता बापाची सही."

"मी एकवीस वर्षांची हाय."

"असशील. पण उद्या कासमभाईनं विचारलं, मला न विचारता पोरीला कागद का दिला, तर मी काय सांगू?" आणि त्यांनी दुकानात फोन लावला.

कासमभाई पाच मिनिटांत आले. कागद डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला. मामांनी पेन पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही. कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली.

"चल. घरी बोलू."

"सही करा. हितंच."

"घरी बोलू म्हणलं ना?"

"घरी तुम्ही बोलता, मी ऐकते. मी हितं बोलणार."

"लोक बघत्यात, निखत."

"बघू द्या."

मामांनी तोंड फायलीत घातलं. शिपायांचं हसू थांबलं. निखत बाकावर बसली ती दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. कासमभाई दारात उभे राहिले. जाईनात की सही करीनात. मामांनी दोन चहा मागवले. दोन्ही कपांवर साय धरली.

चार वाजले. मग सव्वाचार.

"गेले प्राचार्य," कासमभाई हळू आवाजात म्हणाले. "झालं आता. ऊठ."

"उद्या दहाला परत येत्यात," निखत म्हणाली. "अकराची एस्टी धरली तरी दोनपर्यंत मी पुण्यात पोचते. सही करा, अब्बा."

कासमभाईंचा हात खिशाकडं गेला. तिथंच, घडीवर दाबून, राहिला. निखतनं फळी सोडली नाही.