एका ताऱ्याचा अभिप्राय

माळ्यावरून बोलतेय मी, चार चाकांची निळी बॅग. खरं सांगायचं तर आता तीनच चाकांची. पोटात घरातली जुनी पांघरुणं कोंबलीत आणि डोक्यावर एक मोडका पंखा ठेवलाय. त्याची तक्रार नाही. पण एक गोष्ट गेली चार वर्षं मनात सलतेय, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

साहेबांना फिरतीची नोकरी लागली तेव्हा त्यांच्या बायकोने मला दुकानातून निवडून आणलं. साहेब लिफ्टचे तपासनीस. गावोगाव जायचं, लिफ्टचे दोर, ब्रेक, दारं तपासायची, आणि सगळं ठीक असेल तरच कागदावर सही करायची. कामाला माणूस एकदम चोख. एकदा एका दवाखान्याची लिफ्ट त्यांनी बंद ठेवायला लावली. मालकाने आरडाओरडा केला, वरपर्यंत फोन केले, पण साहेब हलले नाहीत. दोर उतरवून पाहिला तर आतल्या तारा तुटलेल्या! यांची नजर चुकत नाही, असं सगळे म्हणू लागले. हळूहळू साहेबांनाही तसंच वाटायला लागलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

महिन्यातले पंधरा-सोळा दिवस आम्ही हॉटेलात. खोलीत शिरलं की साहेब मला बॅगा ठेवायच्या स्टँडवर टाकायचे आणि लगेच तपासणीला लागायचे. गरम पाणी यायला किती वेळ लागतो, उशी किती दबते, पडदा नीट मिटतो की मधे फट राहते, खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं तर किती धूळ येते. मग फोनवर अभिप्राय लिहायचे आणि पाचपैकी तारे द्यायचे. लोक ते वाचून खोल्या ठरवायचे. 'तुमच्यामुळे आमची सुट्टी वाया गेली नाही,' असं कुणी लिहिलं की साहेब ते दोन-दोनदा वाचायचे.

घरी बायको चहाचा कप पुढे ठेवून विचारायची, "किती तारे?"

"साडेतीन. बशी ओली आहे."

दोघं हसायची. पुढे पुढे तिने विचारणं सोडून दिलं. ते साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांकडे एका मोठ्या हॉटेल कंपनीचं सभासद कार्ड होतं. आधी साधं, मग रुपेरी, मग सोनेरी. सोनेरी कार्डवाल्याला रांग नाही, नाश्ता फुकट, खोली दुपारी चारपर्यंत ठेवायची मुभा, आणि जागा असेल तर त्याच भाड्यात मोठी खोली. माझ्या मुठीलाही एक सोनेरी पट्टी बांधली गेली. लपवत नाही, मीही शेफारले होते. लिफ्टमध्ये दुसऱ्या बॅगा असल्या की माझा रुबाब बघण्यासारखा असायचा.

पण त्या कंपनीची हॉटेलं मोजक्याच गावांत, आणि कार्ड टिकवायचं तर तिथे वर्षाला साठ मुक्काम भरायला हवेत. म्हणून काम एका दिवसात उरकलं तरी साहेब दुसरा दिवस तिथेच काढायचे आणि घरी फोन करायचे, "काम लांबलंय गं, उद्या येतो." ते खोटं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

त्यांच्या एका गावातल्या हॉटेलात आमचं दर दोन महिन्यांनी जाणं व्हायचं. तिथे चौथ्या मजल्यावर सफाईला एक मावशी होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, वाकताना गुडघ्यावर हात ठेवणाऱ्या. खोलीत एकट्या असल्या की वस्तूंशी बोलायच्या. "काय गं, आलीस परत? दमलीस का?" असं मला विचारणारं दुसरं कुणी मला आयुष्यात भेटलं नाही.

साहेबांच्या हत्यारांनी माझं आतलं अस्तर फाटलं होतं. एकदा जाता जाता साहेब त्यांना म्हणाले, "मावशी, इथं बॅग शिवून देणारं कुणी आहे का हो?"

"बघते साहेब," मावशी म्हणाल्या.

साहेब विसरून गेले, पण मावशींनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या खेपेला त्या घरून जाड दोरा आणि सुई घेऊन आल्या. सकाळी साहेब मला उघडी टाकूनच कामावर गेले होते. मावशींनी आधी खोली आवरली, मग खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि माझं अस्तर शिवायला घेतलं. बारीक, सारखे टाके. "झालंच हं, झालंच," असं मला समजावत होत्या.

त्या दिवशी साहेबांची तपासणी रद्द झाली होती. त्यातून सकाळी मोठी खोली मिळाली नव्हती, म्हणून ते फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत आत आले. बघतात तर मावशी बॅगेत हात घालून बसलेल्या.

मावशी गडबडून उठल्या. "साहेब, ते अस्तर..."

साहेबांनी फोन कानावरून काढला नाही. हात वर केला आणि दाराकडे दाखवला. मावशी गेल्या. सुई माझ्या अस्तरात तशीच लोंबकळत राहिली. साहेबांनी वरवर सामान चाचपलं. काही गेलं नव्हतं. मला आतून बघायचं मात्र त्यांना सुचलं नाही. पलंगावर बसून त्यांनी लिहिलं: 'चारशे बारा नंबरच्या खोलीत परत आलो तर सफाई कर्मचारी माझी बॅग उघडून बसली होती. सोनेरी सभासदाची ही कदर? सामान सांभाळा.' आणि एक तारा दिला.

मला ओरडावंसं वाटलं. पण बॅग काय ओरडणार?

तासाभरात मॅनेजर फळांची टोपली आणि माफीचं पत्र घेऊन हजर. सोबत भरपाई म्हणून कार्डावर इतके मुक्काम फुकट जमा, की वर्षभराची काळजी मिटली. साहेब खूश होऊन घरी आले.

घरी माझ्यातले कपडे बाहेर काढताना बायकोचं बोट सुईवर गेलं. "आई गं! अहो, हे कुणी शिवलंय? काय सुंदर टाके आहेत. पण अर्धवटच सोडलंय."

साहेब जवळ आले. अस्तरावरून बोट फिरवलं. ज्या बोटाला धूळ सापडायची तेच बोट टाक्यांवरून पुढे सरकेना. बॅग शिवण्याबद्दल मावशींना आपणच विचारलं होतं, ते त्यांना आठवलं आणि त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

त्यांनी तिथल्या तिथे अभिप्राय काढून टाकला आणि हॉटेलला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "काळजी करू नका साहेब. त्या बाईंना आम्ही त्याच दिवशी कामावरून काढलं. आपल्या तक्रारीची लगेच दखल घेतली."

फोन ठेवल्यावर बायको एवढंच म्हणाली, "जाऊन या. असली माफी फोनवर मागत नाहीत."

पुढच्या आठवड्यात रजा मिळताच आम्ही निघालो. मॅनेजरने खुर्ची दिली, चहा दिला, पण मावशींना परत घ्यायचं नाव काढेना. "जागा भरली साहेब. आणि विश्वासाचा प्रश्न असतो. इतर पाहुण्यांनीही वाचलंय ना." शेवटी चौथ्या मजल्यावरच्या दुसऱ्या बाईने पत्ता सांगितला.

मावशी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत चादरींना इस्त्री करत होत्या. आम्हाला बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

"मावशी, माझी चूक झाली," साहेब म्हणाले. "मी हॉटेलवाल्यांना पत्र लिहून आणलंय. तुम्ही चोर नाही, हे त्यांना..."

"सतरा वर्षं होते मी तिथं. कुणाचा रुमालसुद्धा इकडचा तिकडे केला नाही."

"चोर असं मी लिहिलं नव्हतं, मावशी."

"नव्हतं? मग लोकांनी काय वाचलं?"

साहेबांनी खिशातलं पत्र पुढे धरलं.

"माझा जावई मला विचारतो, खरंच हात घातला होता का," मावशी म्हणाल्या. "त्याला दाखवा तुमचं पत्र. नाहीतर राहू द्या. आता दाखवलं तरी तो 'बरं' म्हणेल आणि मनात ठेवेल."

साहेबांनी पत्र परत खिशात ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मला उघडून ती सुई दाखवली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. हात पुढे आला, थांबला आणि परत इस्त्रीवर गेला.

"तेवढं आता तुम्हीच शिवा, साहेब."

साहेबांनी ते खरोखर स्वतः शिवलं. वेडेवाकडे, मोठाले टाके. मग घडलं तसं सगळं लिहून नवा अभिप्राय टाकला, स्वतःची चूक न लपवता. आधीचा हजारोंनी वाचला होता. हा अकरा जणांनी वाचला. त्यानंतर साहेबांनी कुठल्याच हॉटेलावर काही लिहिलं नाही. कार्डाची मुदत संपली, तेव्हा आलेलं पत्र त्यांनी न उघडताच फाडलं. काम संपलं की त्याच दिवशी घरी येऊ लागले. बायको म्हणायची, "उशिरा का होईना." पण ते पहिल्यासारखे हसले नाहीत.

पुढे एकदा त्या गावात जाणं झालं. मावशी आता लाँड्रीच्या पुढच्या खिडकीत बसत होत्या. साहेबांनी दोन शर्ट दिले. मावशींनी पावती फाडून हातात ठेवली. "गुरुवारी या," म्हणाल्या, कुणाही गिऱ्हाइकाला म्हणाव्यात तशा. गुरुवारी शर्ट मिळाले, छान घडी घालून, कॉलरला खळ करून. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागे माणसं उभी होती, आणि मावशींची नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेली होती. त्या चिडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तर साहेबांना सोपं गेलं असतं. एसटी स्टँडपर्यंत ते मला न ओढता हातात उचलून चालत गेले.

त्यानंतर वर्षभरात माझं एक चाक निखळलं आणि मी इथे वर आले. लवकरच जुनं सामान नेणारा येईल म्हणतात. मला जायचं दुःख नाही. तुम्ही मात्र कुठल्या तरी खोलीत उतराल, तुमच्या मागे कुणी तुमची चादर ताणून बसवेल, आणि एखाद दिवशी तुम्हाला काही खटकेल. लिहा, जरूर लिहा. फक्त त्याआधी दार उघडून त्या माणसाला आत बोलवा, बसायला सांगा, आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.