पोपटी ओढणी

“आधी ती ओढणी खाली काढ,” द्वारकाबाई दारातूनच म्हणाल्या.

कलादालनातली कुजबुज थांबली. पांढऱ्या भिंतीवर एकच ओढणी टांगली होती. पोपटी, निम्मी फाटलेली, वंगणानं काळी पडलेली. दोन वर्षांपूर्वी दौलताबादच्या घाटात ती स्कूटीच्या चाकात अडकली आणि मागं बसलेली त्यांची लेक सायली गेली. गाडी प्रेरणा चालवत होती. तिला नुसतं खरचटलं. तेव्हापासून द्वारकाबाईंनी लेकीच्या या मैत्रिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. आज गावात कुणीतरी मोबाइलवर प्रेरणाच्या प्रदर्शनाचा फोटो दाखवला, तशी पेरूची पाटी शेजारणीच्या हवाली करून त्यांनी बस धरली होती.

“काकू...” प्रेरणा पुढं आली.

“काकू म्हणू नको. माझ्या पोरीच्या मरणाचा तमाशा मांडलास व्हय गं?”

“न्या तुम्ही. तुमचीच हाय ती.” प्रेरणा भिंतीपासून बाजूला झाली. “मला फेकवली नाय.”

द्वारकाबाई तरातरा भिंतीपाशी गेल्या. हात घातला आणि थबकल्या. फाटल्या जागी लाल दोऱ्यानं रफू केलं होतं. वेडेवाकडे टाके, मध्येच गाठी, उसवून पुन्हा घातलेले.

“हे कुणी केलं?”

“मीच. रोज थोडं थोडं. पण सांधतच नाय ते.”

द्वारकाबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. इथं रडायचं नाही, असं त्या वाटेतच ठरवून आल्या होत्या. त्यांनी ओठ दाताखाली धरला. शेजारी कॉलेजातली एक मुलगी उभी होती. तिनं ओढणीखाली लिहिलेला अपघाताचा मजकूर वाचला, वर पाहिलं, आणि स्वतःची लोंबती ओढणी गोळा करून कमरेला गच्च बांधली.

मग मात्र द्वारकाबाईंना धीर धरवेना. भिंतीला टेकून त्या खालीच बसल्या.

“रोज सांगायचे गं तिला, ओढणी बांधून बस. त्या दिवशीच राहिलं.”

प्रेरणा त्यांच्याजवळ बसली. त्यांना हात लावायची तिची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळानं द्वारकाबाई उठल्या. ओढणीची चुणी त्यांनी तळव्यानं सारखी केली.

“राहू दे. बघू दे पोरींना.”

“काकू, स्टँडपर्यंत रिक्षा करून देते. मी गाडी चालवत नाय आता.”

“रिक्षा कशाला? चल पायीच.”

बाहेर गाड्यांची रीघ लागली होती. द्वारकाबाईंनी प्रेरणाचा दंड धरून तिला आतल्या अंगाला घेतलं आणि स्वतः रहदारीच्या बाजूनं चालू लागल्या.