बुडख्यातली मोहरी

राहीबाईच्या रानातला भुईमूग एकेका झाडानं मान टाकत होता, आणि बांधापलीकडचा थोरल्या जावेचा, शालूबाईचा, हिरवागार! बघावं तेव्हा राहीबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुष्काळ सरून दोनच वर्षं झालेली, नवरा कृष्णात पलटणीत, अन् वर्षाचं तेल या शेंगांवर. त्यात वाटणी होऊन सहा महिने नाहीत तोच हे.

तिनं एक सुकलेलं झाड उपटलं. बुडख्याला पांढरी जाळी, आणि जाळीत तांबूस मोहरी. भुईमुगात मोहरी कुठली? मंतरून टाकल्याबिगर येतीय होय!

टाकणारी एकच होती. परवाच बांधावर बसून गोड गोड विचारत होती, "राही, झाडं का गं सुकत्याती तुझी?" रोज ताकाचा तांब्या धाडते, तो तरी कशाला? राहीबाई त्या दिवसापासून ताक म्हशीच्या आंबोणात ओतू लागली.

तरी जीव थंड होईना. जिचं तिला परत, म्हणत तिनं भरदुपारी ती मोहरी मातीसकट ओटीत भरली, बांध ओलांडला आणि जावेच्या ओळींत मुठीमुठीनं फेकली. वर बोटंही मोडली.

तिसऱ्या दिवशी शालूबाई शेतकी खात्याच्या साहेबालाच घेऊन आली. त्यासाठी एसटीनं तासगावला जाऊन आली होती बिचारी. साहेबानं राहीबाईच्या रानातलं झाड उपटून बघितलं.

"बाई, ही बुरशी आहे. हे दाणे म्हणजे तिचंच बी, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. रोगट झाडं मातीसकट उचलून जाळा. शेजारच्या रानात एक दाणा जाऊ देऊ नका."

"माझ्यात न्हाई आली अजून," शालूबाई म्हणाली. "राही, तुझं समदं गेलं तरी भिऊ नगंस. माझ्या निम्म्या शेंगा तुझ्या."

राहीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती बांध ओलांडून गेली आणि जावेच्या ओळीत गुडघ्यावर बसून माती उकरायला लागली.

"अगं, तितं काय हुडकतीस?"

"मोहरी." राहीबाईला रडू फुटलं. "आक्का, तुमीच करणी केली वाटलं मला. मीच टाकलीया हितं."

शालूबाईनं आपल्या हिरव्या रानावरून एकवार नजर फिरवली. मग पदर खोचला.

"मुडदा बशिवला तुझा! कुठकुठल्या ओळीत, ते सांग आदी."